बॉक्सग्रोव्हचा घोडा : दोन हजार कपच्यांतून उभा राहिलेला एक दिवस

इंग्लंडच्या दक्षिणेला, वेस्ट ससेक्समध्ये बॉक्सग्रोव्ह नावाचे गाव आहे. त्याच्या शेजारच्या रेती-खडीच्या खाणीत १९८० आणि ९० च्या दशकांत बरीच वर्षे उत्खनन चालले. त्या उत्खननातल्या एका जागी जमिनीखाली एका मोठ्या घोड्याची फोडलेली हाडे निघाली आणि हाडांच्या आसपास चकमकीच्या दगडाचे दोन हजारांहून अधिक धारदार तुकडे, म्हणजे दगडावर घाव घातल्यावर सुटणारे कपचे, निघाले. वय सुमारे ४,८०,००० ते ५,००,००० वर्षे. या ठिकाणी चूल नव्हती, निवारा नव्हता, माणसाचे एकही हाड नव्हते. आणि घोडा ज्या सुऱ्यांनी कापला, त्या सुऱ्या घडवल्याचा पुरावा पावलोपावली असताना त्या सुऱ्या मात्र जागेवरून गेलेल्या होत्या.

अश्मयुगावरच्या लेखांत बहुधा देखण्या, दोन्ही बाजूंनी सारख्या घडवलेल्या हातकुऱ्हाडींची, म्हणजे हातात धरून सुरीसारख्या वापरायच्या दगडी हत्यारांची, छायाचित्रे असतात. त्या सुंदर असतातच. पण माणसे कशी वागत होती हे जाणून घ्यायचे असेल तर हातकुऱ्हाडीपेक्षा ती घडवताना खाली पडलेला कचरा जास्त बोलतो, असे मला ठामपणे वाटते आणि बॉक्सग्रोव्हच्या घोड्याइतके त्याचे चांगले उदाहरण मला माहीत नाही. तयार हत्यार म्हणजे कामाचा शेवट. कचऱ्यात सुरुवात, मधले टप्पे, फसलेले घाव, बसायची जागा, सगळे राहून जाते. शिवाय हत्यार उचलून नेले जाते, कचरा कोणी नेत नाही.

जागा जशीच्या तशी राहिली कशी

पाच लाख वर्षांपूर्वीचे दगड जगात पुष्कळ ठिकाणी सापडतात. पण त्यांतले बहुतेक नदीने वाहून आणलेले, घासून बोथट झालेले असतात. नदीच्या पात्रात सापडलेली हातकुऱ्हाड 'अशी हत्यारे करणारी माणसे या खोऱ्यात कधीतरी होती' एवढेच सांगते. कुणाच्या शेजारी कोण बसले होते, हे तिच्यावरून कळत नाही.

बॉक्सग्रोव्हला त्या काळी खडूच्या खडकाचा उंच पांढरा कडा होता आणि त्याच्या पायथ्याशी समुद्र. पुढे समुद्र मागे सरकला आणि कड्यासमोर भरती-ओहोटीच्या उथळ पाण्याचा, चिखलाचा सपाट पट्टा तयार झाला. भरतीचे शांत पाणी येताना बारीक गाळ घेऊन यायचे आणि जाताना तो तिथेच ठेवून जायचे. वेगवान प्रवाह नाही, लाटांचा मारा नाही. पट्ट्यावर काही पडले की थोड्याच अवधीत ते गाळाखाली झाकले जायचे. घोड्याची जागा याच गाळात आहे. पुढे जमीनच वर उचलली गेल्यामुळे तो प्राचीन किनारा आज समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर आहे आणि समुद्र काही किलोमीटर दूर गेला आहे.

काळ ठरवायला इथे एका छोट्या प्राण्याने मोठी मदत केली. पाणउंदराच्या जुन्या जातीच्या दाढांना मुळे असत. नंतरच्या जातीच्या दाढा मुळे न फुटता आयुष्यभर वाढत राहतात. बॉक्सग्रोव्हला मिळालेल्या दाढा नंतरच्या प्रकारच्या आहेत, म्हणजे ही जागा फार जुनी नाही. उलट त्याच थरांत असे काही सस्तन प्राणीही आहेत, जे ब्रिटनमधल्या अँग्लियन नावाच्या मोठ्या हिमयुगानंतर दिसत नाहीत. दोन्ही बाजूंनी असा काळ आवळत नेला की हिमयुगाच्या अगदी आधीचा उबदार कालखंड उरतो.

उत्खनन युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या मार्क रॉबर्ट्स यांच्या नेतृत्वाखाली झाले. प्राण्यांच्या हाडांचे काम सायमन पार्फिट यांनी केले. परिसरातल्या दुसऱ्या एका ठिकाणी १९९३ मध्ये माणसाच्या नडगीचे हाड मिळाले आणि नंतर दोन पटाशीचे दातही मिळाले. नडगी होमो हायडलबर्गेन्सिस या नामशेष मानवाची मानली जाते. म्हणजे घोड्याभोवती जमलेली माणसे आपल्या जातीची नव्हती. हे पुढचे सगळे वाचताना लक्षात ठेवायला हवे.

जागा हललेली नाही हे गृहीत धरून चालत नाही, ते सिद्ध करावे लागते. त्याच्या कसोट्या साध्या आहेत. वाहत्या पाण्यात हलके तुकडे आधी जातात, जड मागे राहतात. तेव्हा मोठ्या कपच्यांबरोबर मिलिमीटरभराचा चुरा तिथेच पडलेला असेल तर पाण्याने काही नेलेले नाही. कपच्यांच्या धारा बोटाला लागतील इतक्या तीक्ष्ण असतील तर ते कशावर घासले गेलेले नाहीत. आणि एकमेकांत नेमके बसणारे दोन तुकडे शेजारी-शेजारी निघत असतील, तर ते पडले तसेच आहेत. घोड्याच्या जागेने या कसोट्या पार केल्या. त्यासाठी प्रत्येक तुकड्याची जागा आडवी-उभी मोजून नोंदवावी लागली आणि गाळ चाळावा लागला. अशा कामाचे कौतुक फारसे होत नाही. पण ही नोंद नसती तर पुढचे एकही वाक्य लिहिता आले नसते.

एका कपच्यावर काय काय असते

चकमकीचा दगड काचेसारखा फुटतो. त्याच्यात कण किंवा थर असे नसतात, त्यामुळे घावाचा जोर एका ठिकाणाहून शंकूसारखा पसरत जातो आणि दगड त्या आकारात सुटतो. हा प्रकार नियमाने घडतो, म्हणून घडवणाऱ्याला त्यावर भरवसा ठेवता येतो आणि अभ्यासकाला तो उलटा वाचता येतो.

एक कपचा हातात घेतला की आधी घाव कुठे बसला ते शोधायचे. तिथे छोटासा सपाट भाग असतो. त्याच्या लगेच खाली, आतल्या बाजूला, एक फुगवटा असतो आणि त्यापासून दूर जाणाऱ्या वक्र लहरी दिसतात. नैसर्गिकरीत्या तडकलेल्या दगडावर, थंडीने किंवा उन्हाने फुटलेल्या दगडावर हा सगळा संच सहसा नसतो. फुगवटा मोठा आणि ठळक असेल तर घाव बहुधा दगडी गोट्याने घातलेला. फुगवटा पसरट, कपचा पातळ आणि घावाच्या जागी किंचित ओठासारखी कड असेल तर हाड, शिंग किंवा लाकूड अशा मऊ हातोड्याचा संशय घ्यायचा. एका कपच्यावरून हे छातीठोकपणे सांगता येत नाही, शेकडो कपच्यांचा कल पाहावा लागतो.

मग कपचा उलटा करायचा. बाहेरच्या बाजूला आधी निघालेल्या कपच्यांचे खळगे असतात. खळग्यांच्या कडा एकमेकींना कुठे छेदतात ते पाहिले की कोणता घाव आधीचा, कोणता नंतरचा, हे कळते. चकमकीच्या गोळ्याला वरून पांढरट, खडूसारखी साल असते. कपच्यावर साल भरपूर असेल तर तो कामाच्या सुरुवातीचा. साल अजिबात नसेल, कपचा रुंद, पातळ आणि किंचित वाकलेला असेल, बाहेरून चहूबाजूंचे खळगे असतील, तर तो हातकुऱ्हाड शेवटी पातळ करताना निघालेला. या शेवटच्या प्रकाराला फार महत्त्व आहे. हातकुऱ्हाड सापडली नाही तरी ती इथे घडवली गेली असे तो एकटा कपचा सांगू शकतो.

आधुनिक काळात अनेक अभ्यासक स्वतः दगड घडवायला शिकले, ते याचसाठी. एक हातकुऱ्हाड घडवताना मोठे किती कपचे पडतात, चुरा किती पडतो, मांडी घालून बसले तर तो कसा पसरतो आणि उभे राहिले तर कसा, हे करून पाहिल्याशिवाय प्राचीन ढिगाला प्रश्न विचारता येत नाहीत. सराईत माणूस अर्ध्या-पाऊण तासात चांगली हातकुऱ्हाड घडवतो. अर्धा तास म्हणजे थोडा वेळ वाटेल. पण तेवढ्या वेळात प्रत्येक घावाआधी धारेचा कोन तयार करायचा, ती जागा घासून बळकट करायची, मग घाव घालायचा आणि निघालेल्या आकारानुसार पुढचा बेत बदलायचा, असे कितीतरी वेळा होते.

तुकडे परत जोडणे

फुटलेला दगड पुन्हा जोडून पाहण्याची पद्धत नवी नाही. इंग्लंडमध्येच क्रेफर्ड इथे फ्लॅक्समन स्पुरेल यांनी १८८० च्या सुमारास कपचे त्यांच्या मूळ गाभ्यावर, म्हणजे कपचे काढून उरलेल्या दगडावर, परत बसवून दाखवले होते. पद्धत जुनी असली तरी तिला पर्याय निघालेला नाही, आणि ती आजही प्रामुख्याने हाताने आणि डोळ्यांनीच चालते.

टेबलावर आधी कपचे रंगाने आणि सालीच्या जाडीने वेगळे करतात. चकमकीच्या एका गोळ्यात राखाडी पट्टा असतो, दुसऱ्यात पांढरे ठिपके, तिसऱ्यात एखाद्या सागरी जीवाचा अश्मीभूत तुकडा. एकाच गोळ्याचे वाटणारे कपचे एका ट्रेमध्ये येतात. मग एकाच्या पोटाची लहर दुसऱ्याच्या पाठीवरच्या खळग्यात बसते का, हे एकेक करून पाहायचे. चुकीची जोडी जवळ-जवळ बसते आणि हलत राहते. बरोबर जोडी बसली की ती हलतच नाही, राखाडी पट्टा एका तुकड्यातून दुसऱ्यात अखंड जातो, आणि बोटाला फट जाणवत नाही. दिवसभर काहीच जुळले नाही असेही होते. घोड्याच्या जागेवरची जोडणी वर्षानुवर्षे चालली. मॅथ्यू पोप, सायमन पार्फिट आणि मार्क रॉबर्ट्स यांचा सविस्तर ग्रंथ २०२० मध्ये आला, म्हणजे कपचे जमिनीतून निघाल्यानंतर सुमारे तीस वर्षांनी.

जोडणीतून निघाले ते असे. कपचे सगळीकडे सारखे विखुरलेले नव्हते. त्यांचे आठ वेगळे दाट पुंजके होते. माणूस गुडघे टेकून काम करतो तेव्हा कपचे दोन गुडघ्यांच्या मधल्या जागेत साचतात आणि बाहेर विरळ होत जातात. पुंजक्यांचा आकार याच्याशी जुळणारा निघाला. म्हणजे पाच लाख वर्षांपूर्वी कुणी कुठे बसले होते, इतकेच नव्हे तर कसे बसले होते, हेही इथे जमिनीवर राहिले आहे.

प्रत्येक पुंजक्यात काय घडवले जात होते? आठही ठिकाणी एकच उत्तर आले : हातकुऱ्हाड. मोठी, दोन्ही बाजूंनी घडवलेली, कापायला उत्तम सुरी. हे कळले कसे, तर कपचे एकमेकांवर बसवत गेले की बाहेरून मूळ गोळा पुन्हा तयार होतो आणि आत एक पोकळी राहते. त्या पोकळीचा आकार म्हणजे निघून गेलेल्या हत्याराचा आकार. हत्यार हाती नसताना त्याची लांबी, रुंदी, जाडी सांगता येते. साच्यातून मूर्ती काढून नेली तरी साचा मूर्ती दाखवतो, तसेच हे. पण या साच्यात एक जादा गोष्ट आहे. तो एकेक थर उलगडून पाहता येतो, त्यामुळे मूर्ती घडवणाऱ्याचा हात कुठे अडखळला तेही दिसते.

वागणुकीचा पुरावा म्हणून मी याला सर्वांत वर ठेवतो. चकमकीचे गोळे जवळच्या कड्याच्या पायथ्याला भरपूर होते, पण घोडा चिखलाच्या उघड्या पट्ट्यावर होता. माणसांना दगड निवडून, उचलून तिथवर आणावा लागला. याचा अर्थ 'घोडा तिकडे आहे, आपल्याला कापायला सुऱ्या लागतील, सुऱ्यांना दगड लागेल' ही साखळी डोक्यात होती. काम चालू असताना हत्यार घडवले गेले आणि काम संपल्यावर ते टाकून न देता बरोबर नेले गेले. ही दूरदृष्टी किती दूरची, याबद्दल वाद घालता येईल. काही तासांची नक्की होती, हे मात्र दगडच सांगतात.

हाडे काय म्हणतात

दगड एकटे असते तर हे सगळे घोड्यासाठी चालले होते असे म्हणता आले नसते. इथे हाडांची साथ आहे.

दगडी धारेने हाड कापले गेले की अरुंद, इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पडते आणि तिच्या आत बारीक समांतर रेघा असतात. तरस किंवा लांडग्याच्या दाताचा ओरखडा तळाला गोलसर असतो. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक ओळखता येतो. त्याहून उपयोगाचा असतो तो खुणांचा क्रम. बॉक्सग्रोव्हच्या हाडांवर जिथे दोन्ही खुणा एकत्र येतात तिथे दाताची खूण कापल्याच्या खुणेवर आलेली दिसते. म्हणजे माणसे आधी आली, श्वापदे नंतर. पूर्वी अनेक अभ्यासक त्या काळच्या माणसाला सिंह-तरसांचे उरलेसुरले उचलणारा ठरवत असत. या क्रमाने ते मत निदान इथे तरी टिकत नाही. घोडा पूर्णपणे कापला गेला, मांस सोलून घेतले गेले, हाडे फोडून आतला मगज काढला गेला. संपूर्ण जनावर हाती असल्याशिवाय असे होत नाही.

घोडा त्यांनी स्वतः मारला का? इथे एक खांद्याचे हाड आहे. घोड्याच्या फऱ्याच्या तुटलेल्या कडेला अर्धगोल भोक आहे. भाल्याचे टोक घुसून असे भोक पडू शकते, असे मत मांडले गेले. लाकडी भाले त्या काळी असणे अशक्य नव्हते. इंग्लंडमध्येच क्लॅक्टन इथे १९११ मध्ये यू वृक्षाच्या लाकडाचे घडवलेले टोक सापडले आहे, ते सुमारे चार लाख वर्षांपूर्वीचे आहे. पण अर्धेच भोक, तेही एकच, आणि हाड नंतर फोडलेले. मला विचाराल तर हा पुरावा शिकारीच्या बाजूला झुकतो, पण त्यावर एकट्यावर मी काही उभारणार नाही. जनावर पहिल्यांदा माणसांच्या हाती लागले, एवढे खात्रीचे. ते धावते असताना लागले की पडलेले असताना, हे तितके खात्रीचे नाही.

हाडांतून आणखी एक गोष्ट बाहेर आली आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी वाटते. सिल्व्हिया बेल्लो आणि सहकाऱ्यांनी हाडे बारकाईने तपासली तेव्हा घोड्याच्या काही हाडांवर ठोक्यांच्या, खरवडल्याच्या खुणा मिळाल्या. त्या मांस कापल्याच्या नव्हत्या. ती हाडे चकमकीची धार नीट करायला हातोडीसारखी वापरली गेली होती. अशी हाडांची अवजारे युरोपातल्या सर्वांत जुन्यांपैकी आहेत. म्हणजे घोडा कापता कापता त्याचेच ताजे हाड उचलायचे, त्याने सुरीची धार परत काढायची आणि त्या सुरीने पुढे घोडा कापायचा. हाड दगडापेक्षा मऊ असते, त्याचा घाव हळुवार बसतो आणि त्यामुळे धारेवरून पातळ कपचा निघतो, हे ठाऊक असल्याशिवाय कुणी असे करत नाही. बॉक्सग्रोव्हच्या परिसरात हरणाच्या शिंगाचे हातोडेही मिळाले आहेत आणि त्यांत चकमकीचे बारीक कण रुतलेले आहेत. तेव्हा हे ज्ञान एका दिवसाचे, योगायोगाने सुचलेले नव्हते. शिंगाचा हातोडा माणसे जपून बरोबर बाळगत असावीत, कारण दगडासारखे शिंग वाटेत कुठेही मिळत नाही.

किती जण होते आणि ते बोलत होते का

इथून पुढे जमीन निसरडी होते. आठ पुंजके म्हणजे हातकुऱ्हाड घडवणारे निदान आठ जण, असे संशोधकांनी मांडले. त्याखेरीज जागेवर इतर कामांच्या आणि ये-जा केल्याच्या खुणा मिळाल्याने गट याहून बराच मोठा असावा, त्यात लहान-मोठे सगळे असावेत, अशीही मांडणी त्यांनी केली.

आठ पुंजके आणि आठ माणसे यांत एक पायरी आहे, ती वगळू नये. एकच माणूस उठून दुसरीकडे बसू शकतो. उलट एकाच जागी दोघे पाठोपाठ बसू शकतात. घोडा भरती-ओहोटीच्या पट्ट्यावर होता, गाळाने तो लवकर झाकला, म्हणजे सगळे काम थोड्या वेळात, बहुधा एका दिवसाच्या आत झाले. इतक्या कमी वेळात एकट्या-दुकट्याने आठ हातकुऱ्हाडी घडवून एवढे मोठे जनावर साफ करणे पटत नाही. त्यामुळे 'अनेक जण एकत्र काम करत होते' हा निष्कर्ष मला मजबूत वाटतो. 'आठ' हा आकडा त्याहून कमी मजबूत आणि मुले-म्हातारी धरून मोठा समूह होता हे त्याहूनही कमी. तिन्ही विधाने वर्तमानपत्रात एका दमात छापली जातात आणि वाचकाला ती सारख्याच वजनाची वाटतात, याची मला खंत आहे. समूह मोठा असणे शक्य आहे. इतके मांस आणि मगज थोड्या वेळात संपवायला खाणारी तोंडेही पुष्कळ लागतील. फक्त, तोंडे मोजायला दगड पुरत नाहीत.

भाषेचा प्रश्न याहून अवघड. हातकुऱ्हाड घडवणे बघून-बघून शिकता येते की सांगून शिकवावे लागते? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८४ जणांना वेगवेगळ्या पद्धतींनी दगडाचे साधे कपचे काढायला शिकवले गेले. काहींना फक्त नमुना दाखवला, काहींना काम पाहू दिले, काहींना खाणाखुणांनी शिकवले, काहींना बोलून. शिकवल्याने फरक पडला, बोलून शिकवल्याने आणखी पडला. डीट्रिच स्टाउट यांनी दगड घडवणाऱ्यांच्या मेंदूच्या चित्रणावर काम केले आहे. त्यात साध्या कपच्यांपेक्षा हातकुऱ्हाड घडवताना मेंदूचे जे भाग अधिक गुंततात, त्यांतल्या काहींचा भाषेशीही संबंध आहे असे दिसले. हे प्रयोग महत्त्वाचे आहेत. पण त्यांतली माणसे आजची, जन्मापासून बोलत आलेली. बॉक्सग्रोव्हची माणसे वेगळ्या जातीची होती. त्यामुळे 'शिकवणे होते' इथपर्यंत मी निःशंक जाईन, कारण अशी कला एकट्याने पुन्हा पुन्हा शोधून काढावी लागली असती तर आठही पुंजक्यांत इतकी सारखी पद्धत दिसली नसती. 'वाक्ये होती' म्हणायला माझ्याकडे कपचा नाही.

हात कुठला वापरत, हे मात्र जरा अनपेक्षित जागेवरून कळते. परिसरात मिळालेल्या त्या दोन पटाशीच्या दातांवर समोरच्या बाजूने तिरक्या ओरखड्यांच्या रेघा आहेत. मांसाचा तुकडा किंवा असेच काही दातांत धरून, दुसरे टोक एका हाताने ताणून, दुसऱ्या हातातल्या दगडी सुरीने कापताना सुरी अधूनमधून दातावर घासली जाते. रेघांची दिशा उजव्या हाताची वाटते. दगडाचा अभ्यास करताना दगडाबाहेर पाहायची सवय हवी, ती अशासाठी.

सुऱ्या गेल्या कुठे

बॉक्सग्रोव्हच्या खाणीत घोड्याची जागा एकटी नाही. तिथून काही अंतरावर गोड्या पाण्याचा झरा-डबके होते, जिथे प्राणी पाण्यावर येत असणार. तिथे तयार हातकुऱ्हाडी मोठ्या संख्येने मिळाल्या, त्यांच्यापैकी कितीतरी अजून चांगल्या वापरण्याजोग्या. त्यांच्यासारख्या हातकुऱ्हाडींच्या धारेवर सूक्ष्मदर्शकाने पाहिले असता मांस कापताना येणारी झिलई ओळखली गेली आहे. गेंड्यासारखी मोठी जनावरेही तिथे कापली गेली.

घोड्याची सुरी पुढे त्या डबक्यापाशी पडली, असे म्हणता येणार नाही. दोन जागांमध्ये किती काळ गेला ते इतके बारीक मोजता येत नाही. पण दोन्हींचा फरक स्वतःच बोलतो. एकदाच घडलेल्या प्रसंगाच्या ठिकाणी माणसांनी हत्यार ठेवले नाही, पुढच्या कामासाठी बरोबर नेले. जिथे पुन्हा पुन्हा यायचे, तिथे ते टाकून दिले, कारण तिथे परत आल्यावर ते मिळणारच होते, किंवा तिथेच नवे करता येणार होते. पोप यांनी या दिशेने मांडणी केली आहे आणि मला ती पटते. तिच्यात माणसे परिसर ओळखीचा मानून वावरताना दिसतात, हे तिचे बळ आहे.

याचा एक परिणाम ब्रिटनच्या पुराश्मयुगावरच्या जुन्या वादावर होतो. क्लॅक्टनसारख्या काही जागांवर फक्त गाभे आणि कपचे मिळतात, हातकुऱ्हाडी नाहीत. त्यावरून हातकुऱ्हाड न करणारे लोक वेगळे आणि करणारे वेगळे, अशी विभागणी पुष्कळ काळ चालली. घोड्याची जागा ही विभागणी करणाऱ्याला सावध करते. तिथेही हातकुऱ्हाड नाही, पण तिथे हातकुऱ्हाडीशिवाय दुसरे काही घडवलेच गेलेले नाही. फरक कळतो तो पातळ, वाकड्या, सालीशिवायच्या कपच्यांवरून. घोड्याजवळ ते भरपूर आहेत. क्लॅक्टनला ते जवळपास नाहीत, म्हणून तिथला वाद एवढ्याने मिटत नाही. मात्र कुठल्याही नव्या जागेवर 'इथे हातकुऱ्हाड नव्हती' असे लिहिण्याआधी चाळणीतल्या कपच्यांमध्ये या प्रकारचे किती आहेत ते मोजावे लागेल. जुन्या उत्खननांत फक्त चांगले दिसणारे दगड गोळा करून बाकीचे टाकून दिले गेले. त्या जागांबद्दल हे आता कधीच मोजता येणार नाही.